नऊ बोल्टांचा पुठ्ठा

त्या सकाळी गॅसवर चहा उकळत होता, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर माझ्या इस्त्रीखाली होती आणि तो न्हाणीघरातून टॉवेल मागत होता. दाराला बेल असूनही कुणीतरी हातानेच दार ठोठावलं. इस्त्री उभी करून मी दार उघडलं. बाहेर दोन माणसं, मागे रस्त्यावर टेम्पो, आणि टेम्पोत प्लास्टिकात गुंडाळलेली माणसाच्या उंचीची पत्र्याची कपाटं.

"गॅरेज कुठल्या बाजूला?" पुढच्याने विचारलं.

"कोणी मागवलंय हे?"

त्याने कागद पुढे केला. नवऱ्याचं नाव, नवऱ्याची सही, तारीख दहा दिवसांपूर्वीची.

आतून आवाज आला, "आले का? त्यांना चहा दे. गॅरेजची किल्ली माझ्या पँटच्या खिशात आहे."

गॅरेजची किल्ली त्याच्या खिशात असायचं काही कारण नव्हतं. ती वन्संच्या कमरेला असते. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. खाली गॅरेजला लागून असलेल्या खोलीत त्या राहतात. शाळेतल्या एका जुन्या सोबतिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तिच्या सोबतीला म्हणून त्या आदल्याच दिवशी सहा दिवसांसाठी परगावी गेल्या होत्या. म्हणजे नवऱ्याने दुसरी किल्ली करून घेतली होती आणि त्या जायची वाट पाहिली होती. हे मला दारात उभ्या उभ्या समजलं. तरी मी चहात दोन कप पाणी वाढवलं.

वन्सं अठ्ठावन्न वर्षांच्या. तेहतीस वर्षं त्या तांत्रिक शाळेत सामान देण्याघेण्याच्या खिडकीत बसल्या. मुलं हत्यारं मागायला यायची, त्या वहीत सही घ्यायच्या आणि संध्याकाळी एकेक पाना मोजून परत घ्यायच्या. शिकवणारे मास्तर आत, या खिडकीत. पण खिडकीतून आतलं सगळं दिसायचं. निवृत्त झाल्यावर असं लक्षात आलं की मास्तरांना जे येत होतं ते यांना येत होतंच, शिवाय मास्तर कुठे चुकायचे तेही येत होतं.

निवृत्तीनंतर लोकांना वाटलं, बाई आता स्वस्थ बसतील. वन्संनी केस कानाच्या वर कापले, बाजारातून दोन निळे कोट आणले आणि गॅरेजमध्ये मुक्काम हलवला. धंदा म्हणून नाही. गल्लीतल्या कुणाची स्कूटर अडली तर त्या बघायच्या. मनात आलं तर दुरुस्त करायच्या, नाहीतर "दुकानात ने" म्हणून दार लावून घ्यायच्या. पैसे दिले की त्यांना राग यायचा, आणि आभार मानले की जास्त राग यायचा.

त्यांची स्वतःची एक मोटारसायकल होती. पंचविसाव्या वर्षी घेतलेली, शाळेने मोडीत काढलेली. या घरात बहुतेक गोष्टी जोडीने आहेत. घर दोघा भावंडांच्या नावावर, बँकेतलं खातं भावाबरोबर, विजेचं बिल तर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावाने येतं. त्या गाडीच्या कागदावर मात्र वन्संचं एकटीचं नाव. आणि त्या कागदाची मुदत वीस तारखेला संपत होती. त्याच्या आत गाडी चालवत तपासणीच्या कचेरीत न्यायची, नाहीतर नोंदणी रद्द. एकदा रद्द झाली की ती गाडी कागदोपत्री गाडी राहत नाही. भंगार होते.

म्हणून अकरा महिने त्या इंजिनाच्या मागे होत्या. आता बहुतेक काम झालं होतं. एका बाजूचं झाकण उघडं होतं, आत बसवायच्या क्लचच्या प्लेटा टपालाने यायच्या होत्या. त्या आठवड्याने येणार होत्या, म्हणूनच वन्सं सोबतिणीकडे गेल्या. नाहीतर त्या कुठे जातात.

आता नवऱ्याबद्दल. तो विमा कंपनीत दफ्तरप्रमुख आहे. आमच्याकडे मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी छापील चिठ्ठी आहे. साखरेच्या डब्यावर 'साखर', आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा'. त्याला गॅरेज डोळ्यांत सलायचं. फरशीवर तेलाचे डाग, दुधाच्या पावडरीच्या चौदा डब्यांत नटबोल्ट, खिळ्यांना लटकलेले पाने. त्यात त्याने नवी मोटार घेतली होती आणि गॅरेजची अर्धी जागा तिला हवी होती.

"ताई, तुझ्या दवाखान्यात आज किती पेशंट?" तो येता-जाता विचारायचा.

"एकच," वन्सं मान वर न करता म्हणायच्या. "तोही तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतो."

असं वर्षभर चाललं. मग त्याने मोबाइलवर घरगुती गॅरेज सुधारण्याचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. चकचकीत फरशा, एका ओळीतले खण, शस्त्रक्रियेच्या खोलीसारखे दिवे. जेवताना ताट पुढ्यात आणि डोळे त्या खणांवर. मला वाटलं, नाद लागलाय, जाईल. गेला नाही, टेम्पोतून आला.

त्याने चार दिवस रजा काढली. पहिले दोन दिवस फरशी घासून तिला तेल न पिणारा राखाडी रंग दिला, मधोमध पांढरी रेघ मारली. इकडे मोटार, तिकडे ताई. छताला पांढऱ्या नळ्यांचे दिवे लावले. तिसऱ्या दिवशी साठ खणांचं कपाट भिंतीला उभं राहिलं आणि आम्ही दोघं चौदा डबे घेऊन बसलो. त्याच्या हातात पान्यांचा संच. बोल्टाच्या डोक्याला कुठला पाना बसतो ते तो बघायचा, नंबर सांगायचा. मी बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, पुसून त्या त्या खणात टाकायचे. आठ नंबर, दहा नंबर, बारा नंबर. खरं सांगते, मला ते आवडत होतं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला बसलो होतो.

टेबलावर एक पुठ्ठा होता. मळका, हातभर लांब. त्यावर पेन्सिलने वेडावाकडा गोल काढलेला, एका बाजूला फुगलेला, आणि गोलाच्या कडेने नऊ बोल्ट पुठ्ठ्यात खोचलेले. मी तो उचलला आणि थांबले. बोल्ट कुणी असे उगीच खोचून ठेवत नाही. शेजारी उघड्या इंजिनाची कडही तशीच होती, एका बाजूला फुगलेली.

"अहो, हे मुद्दाम ठेवलेलं दिसतंय," मी म्हटलं.

"पुठ्ठा आहे तो," नवरा म्हणाला. "डोकं किती नंबरचं?"

"दहा. सगळ्यांचं दहा."

"मग दहाच्या खणात टाक."

मी एकेक बोल्ट काढला, आटे पुसले, दहाच्या खणात टाकला. पुठ्ठा कचऱ्यात गेला आणि कचऱ्याची गाडी दुसऱ्या सकाळी येऊन गेली.

चौथ्या दिवशी त्याला फोटो काढायचा होता. टेबल पुसून झालं, हत्यारं फळीवर उंचीप्रमाणे लागली, पण इंजिन झाकणाशिवाय आतडी दाखवत पडलेलं. त्याने झाकण उचललं, बसवलं, दहाच्या खणातून वरचेच नऊ बोल्ट घेतले आणि नव्या बॅटरीच्या यंत्राने करकचून आवळले. सहाव्या की सातव्या बोल्टाला टक् असा आवाज आला. अक्रोड फुटावा तसा.

"बसला," नवरा म्हणाला, आणि फोटो काढला.

सात तारखेला दुपारी वन्सं परत आल्या. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून गॅरेजकडे वळल्या. नवरा दिवे लावून दाराशी उभा, उद्घाटनाला उभा राहावा तसा. मी त्याच्या मागे.

वन्संनी चपला बाहेर काढल्या. गॅरेजमध्ये त्या कधी चपला काढत नाहीत. फरशी पाहून आपोआप काढल्या असाव्यात. सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"दिवे चांगले आहेत," म्हणाल्या.

नवरा फुलला. "खण बघ. प्रत्येकावर नंबर आहे. आता डोळे मिटून सापडेल."

"पुठ्ठा कुठाय?"

"कुठला पुठ्ठा?"

"टेबलावर होता. बोल्ट खोचलेला."

"बोल्ट आहेत ना. ते तर झाकणाला लावलेसुद्धा."

"कोणी लावलं झाकण?"

"मी. उघडं पडलं होतं. फोटोत बरं दिसत नव्हतं."

वन्संनी पिशवी खाली ठेवली, फळीवरून दहाचा पाना घेतला आणि बोल्ट काढायला लागल्या. काढलेला प्रत्येक बोल्ट झाकणावरच, ज्या भोकातून निघाला त्याच्याजवळ ठेवत होत्या. सातवा नुसताच फिरला. घट्ट नाही, सैल नाही. तो त्यांनी बोटांनी उचलून वर धरला. बाकीच्यांपेक्षा पेरभर लांब होता. मग झाकण काढलं, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि आत उजेड टाकला. आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

"डोकी सगळ्यांची सारखी आहेत," नवरा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"तुझ्या कचेरीत सगळ्यांना एकेकच डोकं आहे. म्हणून सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवतोस?" वन्सं म्हणाल्या. "हे नऊ बोल्ट तीन लांबीचे आहेत. पाच आखूड, तीन मध्यम, एक लांब. आखूड बोल्टाचं भोक आरपार नसतं, त्याला तळ असतो. तू लांब बोल्ट तिथे घातलास. तो तळाला टेकला, तुझं यंत्र ढकलत राहिलं, आणि इंजिनाचं खोकं तडकलं. म्हणून माणसं पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून बोल्ट जागच्या जागी खोचून ठेवतात. हे आमच्या शाळेत पहिल्या आठवड्यात सांगायचे."

"मग दुसरं खोकं आणू. मी पैसे देतो."

"इंजिनाचा नंबर खोक्यावर कोरलेला असतो. कागदावर तोच आहे. दुसरं खोकं म्हणजे दुसरी गाडी."

"वेल्डिंग करून घे मग. एवढं काय त्यात."

"आज किती तारीख?"

"सात."

"तेरा दिवस," वन्सं म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. "ताई, मी हे तुझ्यासाठी केलं. चार दिवस रजा काढून, गुडघे मोडून."

"मी मागितलं होतं?"

"तू कधी काही मागतेस का? तू मागायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. आणि ओळखलं की चुकलं."

"तू ओळखलं नाहीस, छोट्या. तुला मोटार ठेवायला जागा हवी होती. रेघ कुणासाठी मारलीस?"

वन्सं कपाटाकडे गेल्या, आठ नंबरचा खण ओढून बाहेर काढला आणि पांढऱ्या रेघेच्या पलीकडे, मोटारीच्या जागेवर उपडा केला. मग दहाचा. मग बाराचा. घाई नाही, आदळआपट नाही. पोतं रिकामं करावं तसे एकेक करून साठच्या साठ खण. फरशीवर नटबोल्टांचा गुडघाभर ढीग झाला.

"तू मिसळलंस," त्या म्हणाल्या, "तू वेगळं कर. तोवर तुझी मोटार बाहेर."

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायची बंद झाली. बोलायची ती माझ्याकडे बघून. त्याच टेबलाशी, एकाच वेळी, हातभर अंतरावर जेवत.

"तुझ्या वन्संना सांग, रस्त्यावर माझ्या मोटारीला ओरखडा पडलाय."

"तुझ्या नवऱ्याला सांग, ओरखड्याचंही वेल्डिंग होतं."

"त्यांना सांग, निम्मं घर माझं आहे."

"त्याला सांग, हो. ढीग त्याच्याच निम्म्यात आहे."

मी वरण वाढत होते. सांगायचं काही उरतच नव्हतं, ऐकणारे दोघं समोरच बसलेले. एकदा मी म्हटलं, "मी टपाल खात्यात नोकरीला नाही." कुणी हसलं नाही.

वळणावरच्या वेल्डरला वन्संनी पहिल्यांदा नुसता फोटो दाखवला. त्याने मान हलवली. "बाई, हे खोकं चाळीस वर्षं तेल प्यायलंय. आच लागली की ते बाहेर येणार आणि जोडाला फुगे धरणार. आतलं सगळं काढून रिकामं आणा, दोन दिवस भाजून घेतो, मग बघू. धरेल. झिरपणार नाही, अशी हमी देत नाही."

रिकामं म्हणजे अकरा महिन्यांचं काम उलटं. वन्संनी ते तीन दिवसांत उलटं केलं. नव्या कपाटांची खोकी अजून मागच्या अंगणात पडून होती. त्यांचेच त्यांनी पुठ्ठे कापले, इंजिनाच्या प्रत्येक तुकड्याचा आकार काढला आणि बोल्ट निघेल तसा खोचत गेल्या. नऊ पुठ्ठे झाले. ते त्यांनी स्वतःच्या खोलीत, पलंगाखाली ठेवले आणि खोलीला कुलूप लावायला लागल्या. या घरात आतल्या खोलीला कुलूप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या तीन दिवसांतल्या एका दुपारी मी चहा घेऊन गेले. नवरा कामावर होता. ढिगाजवळ बसून मी आखूड आणि लांब बोल्ट निवडायला लागले.

"ठेव ते," वन्सं म्हणाल्या.

"मला वेळ आहे."

"तुझ्या वेळेचा प्रश्न नाही. हुकूम त्याचा होता, निस्तरायचं त्याने."

मी हातातले बोल्ट खाली ठेवले. "पुठ्ठ्यावरचे बोल्ट मी काढले, वन्सं. त्यांनी नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"नऊच्या नऊ बोल्टांचे आटे पुसलेले होते. खोबणीतसुद्धा काळं नव्हतं. छोट्याला एवढा धीर नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुला दिसलं असणार, ते मुद्दाम ठेवलंय म्हणून."

"दिसलं. मी त्यांना विचारलंही."

"किती वेळा?"

"एकदा."

"हं," वन्सं म्हणाल्या. "या घरात सगळे एकदाच विचारतात."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कप रिकामा करून माझ्या हातात दिला आणि परत कामाला लागल्या. त्यांना माझा राग आला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या आठवड्यात मी गॅरेजच्या दाराशी चहा ठेवून मागे फिरत असे. त्या ये म्हणाल्या नाहीत.

पंधरा तारखेला खोकं वेल्डरकडून आलं. तडा होता तिथे आता जाड, खडबडीत वळ होता, जखम शिवल्यासारखा. वन्संनी कानशीने तो गुळगुळीत केला, वरून तेल रोखणारा लेप दिला आणि पुठ्ठे एकेक करून पलंगाखालून बाहेर आणले. अठरा तारखेला टपालाने आलेल्या प्लेटा बसल्या आणि इंजिन जोडून पुरं झालं. एकोणीसला सकाळी त्यांनी गाडी अंगणात काढली आणि किक मारली. तिसऱ्या किकला आवाज झाला, भरदार, थोडा घोगरा. मी खिडकीतून पाहत होते. नवरा बूट घालत होता. त्याचा हात नाडीवरच थांबला.

"चालू झाली," मी म्हटलं.

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मी म्हटलंच होतं, वेल्डिंगने होईल."

वन्सं मात्र गाडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. वळाच्या खालच्या टोकाला त्यांनी बोट लावलं, बोट उजेडात धरलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. मग गाडी आत घेतली, तेल काढलं, लेपाचा दुसरा हात दिला आणि दिवसभर तो वाळत ठेवला. जेवायला वर आल्या नाहीत.

वीस तारखेला सकाळी नऊला त्या निघाल्या. निळा कोट धुतलेला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. कुणाला सोबत चल म्हणाल्या नाहीत. फाटकाबाहेर पडल्या तशी नवऱ्याने मोटारीची किल्ली उचलली.

"बस," मला म्हणाला.

"कचेरी?"

"उशिरा जाईन."

आम्ही त्यांच्या मागे मागे गेलो. वन्संनी आरशात पाहिलं असणार, कारण एका चौकात त्यांनी मुद्दाम वेग वाढवला आणि आम्ही लाल दिव्याला अडकलो. नवरा स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला. "किती हट्टी बाई आहे," म्हणाला, आणि लगेच, "क्लच बघ कसा मऊ धरतोय."

तपासणीच्या कचेरीच्या आवारात वीसेक गाड्या रांगेत होत्या. आम्ही कुंपणाबाहेर थांबलो. तासाभराने वन्संचा नंबर लागला. तपासनीस तरुण होता, पण काम नीट करणारा. त्याने कागद पाहिले, पुसून इंजिनाचा नंबर वाचला आणि कागदाशी ताडला. दिवा लावायला सांगितला, ब्रेक दाबायला सांगितला, आवारात एक फेरी मारायला सांगितली. वन्सं फेरी मारून आल्या तेव्हा त्याने मान डोलावली, शिक्क्याकडे हात नेला. मग काय वाटलं कोण जाणे, कुणाचातरी जुना कागद घेऊन त्याने इंजिनाखाली सरकवला आणि गाडी चालू ठेवायला सांगितली.

आम्हाला कुंपणाबाहेरून कागद दिसत नव्हता. वन्संची पाठ तेवढी दिसत होती. ती अजिबात हलली नाही. थोड्या वेळाने तपासनिसाने कागद उचलला आणि त्यांना दाखवला. मध्यभागी रुपयाएवढा काळा ठिपका होता.

वन्संनी काहीतरी विचारलं. त्याने हात जोडल्यासारखे केले. नंतर वन्संनी सांगितलं ते एवढंच, की गळती असेल तर पास करता येत नाही. मुदतवाढीचा अर्ज महिनाभर आधी करायचा असतो. त्याच्या हातात काही नाही, बाई, नाहीतर त्याने केलं असतं. शिक्का लागला तो दुसरा, रद्दचा. आता ती गाडी रस्त्यावर चालवायचीही नव्हती.

वन्संनी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत फाटकाबाहेर आणली.

नवरा मोटारीतून उतरला. तेरा दिवसांनी तो त्यांच्याशी थेट बोलला. "ताई, थांब. टेम्पो बोलावतो."

त्या थांबल्या नाहीत.

"चार किलोमीटर आहे, ताई."

"मोजलेत मी," वन्सं म्हणाल्या.

त्याने एकदा गाडीच्या मागच्या बाजूला हात लावला, ढकलायला. वन्सं थांबल्या, हात निघेपर्यंत तशाच थांबल्या, मग चालू लागल्या. मोटार रस्त्याच्या कडेला लावून नवरा त्यांच्या मागे चालत निघाला, दहा पावलं अंतर ठेवून, इस्त्रीच्या शर्टात. मी त्याच्या मागे. येणारे-जाणारे बघत होते. चढाच्या रस्त्याला वन्संचा श्वास आम्हाला ऐकू येत होता, पण पुन्हा हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. वन्संनी गाडी गॅरेजमध्ये नेली, टेबलाजवळ स्टँडवर लावली आणि खाली तसराळं सरकवलं. नवरा दारात उभा राहिला. मोटारीच्या जागेवर ढीग अजून तसाच होता.

"तुला नवी घेऊ," तो म्हणाला. "तुझ्या एकटीच्या नावावर. उद्याच जाऊ."

वन्सं फडक्याने वळ पुसत होत्या.

"नाहीतर वरच्या साहेबांकडे अर्ज करू. माझ्या ओळखी आहेत. घराचा खालचा भाग तुझ्या नावावर करून देतो, लेखी. मोटार मी बाहेरच ठेवीन, रेघ पुसून टाकतो." त्याच्या आवाजात रागही होता, अजून ताजा. "असं गप्प राहू नकोस. शिव्या दे. काय हवं ते सांग, एकदा तरी तोंडाने सांग."

वन्संनी फडकं धुतलं, पिळलं, खिळ्याला अडकवलं. मग पाना घेतला, वळाखालचा एक बोल्ट काढला आणि टेबलावर मोकळ्या जागेत आडवा ठेवला. त्याच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग होता तितकाच होता, पण आवाज साधा होता, खिडकीतून सामान देताना असायचा तसा.

"टेबलावरचं काही हलवायचं असलं," त्या म्हणाल्या, "तर आधी मला विचार."